पदर घेण्याचा हक्क

तू दहा वर्षांची आहेस. साल १८२२, गाव नागरकोइल, त्रावणकोर संस्थानाचं दक्षिण टोक. बाप पहाटेच ताडावर चढून नीरेची मडकी उतरवतो. आई अंगणातल्या चुलाणावर ती नीरा आटवत बसते, ताडगूळ होईपर्यंत. धुरानं तुझे डोळे चुरचुरतात. आईच्या कमरेला गुडघ्यापर्यंत जाडंभरडं कापड आहे. कमरेच्या वर काही नाही. तुझ्या आजीच्याही अंगावर नव्हतं.

कापड विकत घेण्याची ऐपत आली, तरी ते अंगावर घेता येत नाही. तुम्ही शानार, पुढे या समाजाला नाडार म्हणतील. वरच्या जातीसमोर छाती उघडी ठेवणं हा इथे आदर समजला जातो. नायर बाईसुद्धा देवासमोर आणि आपल्याहून वरच्या माणसासमोर खांद्यावरचं वस्त्र उतरवते, नंतर पुन्हा घेते. तुझ्या आईच्या वर मात्र इतके लोक आहेत की तिला ते कधी घेताच येत नाही. सोन्याचा दागिना नको, पायात जोडा नको, उन्हापावसात डोक्यावर छत्री नको. घागरसुद्धा कडेवर घ्यायची नाही, डोक्यावरच न्यायची. बाई कोणत्या जातीची, हे लांबूनच ओळखू आलं पाहिजे.

तू मात्र ख्रिस्ती झाली आहेस आणि आज तुझ्या अंगात सैलसर जाकीट आहे. त्याला कुप्पायम म्हणतात. सीरियन ख्रिस्ती आणि मापिळा मुसलमान बायका तसं घालतात. कर्नल जॉन मन्रो इंग्रजांचा रेसिडेंट आणि संस्थानाचा दिवाण अशी दोन्ही पदं सांभाळत होता, तेव्हा त्यानं ख्रिस्ती झालेल्या शानार बायकांना अंग झाकायची परवानगी दिली. दरबारातून ओरड झाली, तशी परवानगी कुप्पायमपुरती उरली. नायर बायकांसारखं खांद्यावरून वस्त्र घ्यायचं नाही, एवढी अट राहिली.

तू लंडन मिशनच्या मुलींच्या शाळेत जातेस. मार्था मॉल्ट बाई तुम्हाला लेस विणायला शिकवतात. बारीक दोऱ्यातून फुलं उमटतात आणि तुझ्या ताडगुळानं राठ झालेल्या बोटांना ती जमतात, याचं तुलाच नवल वाटतं. आपल्या हातून काही सुंदर घडू शकतं, हे तुला इथे पहिल्यांदा कळतं.

आता सोळा वर्षांची हो. साल १८२८. तू जाकिटावरून एक पांढरं कापड घेतलं आहेस, खांद्यावरून पुढे सोडलेलं. हे कुणी शिकवलेलं नाही. मिशनरी म्हणतात, जाकीट पुरेसं आहे. तुला ते पुरेसं वाटत नाही. अंग झाकलं जातं हे खरं, पण ते जाकीट तुझी पायरीही सांगतं. तुला ती पायरी नको आहे.

तू एरनियलच्या बाजारात शिरतेस. सुक्या मासळीचा वास, मिरच्यांचे ढीग, ताडगुळाच्या टोपल्या. कुणीतरी मागून हाक मारतं, पण नावानं नव्हे, जातीनं. वळायच्या आत खांद्यावरचं कापड ओढलं जातं. मग जाकीट. शिवण उसवल्याचा आवाज तुला स्पष्ट ऐकू येतो. कुणी हसतं, कुणी नजर वळवतं. तू दोन्ही हात छातीवर घेऊन घरापर्यंत पळतेस. या महिन्यांत कल्कुळम आणि एरनियल भागांत हेच चाललं आहे. बाजारात बायकांची वस्त्रं फाडतात, रात्री प्रार्थनामंदिरं पेटवतात. फेब्रुवारी १८२९ मध्ये संस्थानाच्या राणी गौरी पार्वती बाईंचा जाहीरनामा येतो. शानार बायकांनी अंगावर उपरवस्त्र घेऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ख्रिस्ती झालात म्हणून सरकारची वेठ चुकणार नाही, हेही त्यातच.

त्यानंतरच्या रविवारी तू प्रार्थनेला बसतेस. उपदेशक तमिळमधून पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पत्र वाचतो. बायकांनी मर्यादेनं, सभ्य वेशात राहावं. वेण्यांचा थाट, सोनं, मोती, भारी वस्त्रं यांत शोभा मानू नये. चांगली कृत्यं हाच आपला अलंकार समजावा. तू लक्ष देऊन ऐकतेस. सोनं तर तुला राज्यानंच मना केलेलं आहे. सोडून देण्यासारखं तुझ्यापाशी काही नाही. पण मर्यादेनं राहा, हे वाक्य तुला दटावणीसारखं लागत नाही. तुझ्या मर्यादेला आजवर कुणी किंमत दिली नव्हती. या पत्रानं ती तुझ्यापाशी आहे असं धरलं आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या श्रीमंत बाईला हेच वाक्य बंधन वाटत असेल. तुला त्यातून पाठीला कणा मिळतो. सोमवारी तू पुन्हा पदर घेतेस.

तीस वर्षं ओलांड. तू आता सत्तेचाळीस वर्षांची आहेस, तुझी मुलगी लग्नाची. १८५५ मध्ये संस्थानानं गुलामगिरी बंद केली आहे. १८५८ च्या नोव्हेंबरात व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला आणि धर्माच्या बाबतीत कुणावर जुलूम होणार नाही, हे तुम्ही मनात धरून ठेवलंत. बायका पुन्हा उघडपणे खांद्यावर वस्त्र घेऊ लागल्या आणि बाजारातले हात पुन्हा पुढे आले. प्रार्थनामंदिरं पुन्हा जळाली, शाळाही जळाल्या.

संस्थानाचे दिवाण आहेत टी. माधवराव. तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले, वय जेमतेम तिशीचं. पुढे इंदूर आणि बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखणार आहे. डिसेंबर १८५८ मध्ये ते दोन्ही बाजूंना बजावतात: वरच्या जातींनी कायदा हातात घेऊ नये आणि शानार बायकांनी परवानगीवाचून जुना रिवाज मोडू नये. वस्त्र फाडणारा आणि वस्त्र घेणारी, दोघांना एकाच तागडीत तोललेलं तू ऐकतेस. आपल्या भाषेत वाढलेल्या एका हुशार, कर्त्या माणसाच्या हातून हे झालं, याची नोंद मराठी वाचकानं ठेवायलाच हवी.

मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन दडपण आणतो, तेव्हा दरबार नमतो. २६ जुलै १८५९ ला महाराजा उत्रम तिरुनाळ यांचा जाहीरनामा निघतो. ख्रिस्ती असो वा हिंदू, शानार बायकांनी जाकीट घालावं, कोळिणींसारखं जाडं कापड अंगाभोवती बांधावं, हवी तशी छाती झाकावी. फक्त वरच्या जातीच्या बायकांसारखं वस्त्र घेऊ नये.

तुझी मुलगी ते ऐकते, घरात जाते आणि पदर घेऊन बाहेर येते. अगदी वरच्या जातीच्या बायका घेतात तसाच. तू तिला थांबवत नाहीस.

आता आपल्या काळात परत ये. आजही ख्रिस्ती बाईच्या वेशाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. बाही किती लांब, डोक्यावर ओढणी हवी की नको, साडी की फ्रॉक, कोणता वेश बाईला शोभतो. त्यांच्याकडे दाखवायला वचनं असतात. त्रावणकोरच्या बायकांकडेही तीच वचनं होती. फरक एवढाच की त्यांनी ती स्वतः ऐकली आणि स्वतःच्या अंगावर आजमावली. पदर घ्यायला लावणारा आणि पदर ओढणारा, दोघंही बाईचं अंग आपल्या ताब्यातलं समजतात. शालीनता हा मोठा गुण आहे आणि तो मोठा आहे म्हणूनच दुसऱ्यानं लादता येत नाही. त्यामुळे उद्या चर्चच्या दारात एखाद्या मुलीच्या कपड्यांवर बोट ठेवण्याआधी, एरनियलच्या बाजारातून छातीवर हात धरून पळालेल्या त्या बायका आठवा. त्यांनी जिंकलेला हक्क अंग झाकण्याचा होताच. आपण काय ल्यावं हे आपणच ठरवण्याचाही होता. तो आपल्या मुलींकडून काढून घेऊ नका.