दमगीरी

'दम' हा शब्द फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला आणि इथेच नांदला. जिना चढताना आपल्याला दम लागतो, वडीलधारी माणसे 'जरा दम धर' म्हणतात, आणि आम्ही शिक्षक वर्गात दम देतो. याच शब्दापासून मध्य आशियात एका आजाराचे नाव पडले होते, 'दमगीरी'. दम म्हणजे श्वास, गीरी म्हणजे पकडणे. उंच डोंगरावर माणसाचा श्वासच कोणी पकडून ठेवावा, तसा हा आजार.

बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलात याने 'तारीख-ए-रशीदी' या फारसी ग्रंथात दमगीरीचे वर्णन केले आहे. काश्मीरचा कारभार हाती असताना, १५४० च्या दशकात त्याने हा ग्रंथ लिहिला. त्याआधी १५३२ साली यारकंदचा सुलतान सईद खान लडाख-तिबेटच्या स्वारीवर निघाला, तेव्हा हैदर त्याच्या फौजेत सरदार होता. खानाला जातानाच दमगीरीने गाठले. खालच्या खोऱ्यात उतरल्यावर त्याला आराम पडला. पण १५३३ साली परतीच्या वाटेवर, काराकोरमच्या उंचीवर, तो मरण पावला. लडाखमध्ये आज जिथे भारतीय हवाई दलाची धावपट्टी आहे, त्या दौलत बेग ओल्डी या ठिकाणाचे नाव त्याच मृत्यूवरून पडले असे मानतात. जागेची उंची सुमारे ५,००० मीटर. हैदर स्वतः ल्हासाकडे निघाला होता. त्याचे घोडे वाटेत मेले, तेव्हा तो माघारी फिरला. ग्रंथ लिहायला तो राहिला, तो त्या माघारीमुळेच.

आज आपल्याला कारण ठाऊक आहे. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, पण हवेचा दाब घटतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८,८४८ मीटरवर, एका श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. फुप्फुसात पाणी होते, मेंदूला सूज येते, बुद्धी मंदावते. ८,००० मीटरच्या वरच्या भागाला गिर्यारोहक 'मृत्युक्षेत्र' म्हणतात. तिथे शरीर सरावत नाही, फक्त झिजत जाते. सगळ्यात घातक गोष्ट अशी, की 'आता परत फिरावे' हा निर्णय ज्या बुद्धीने घ्यायचा, तीच आधी दगा देते.

तरीही माणसे जातात. वाकडमध्ये राहणाऱ्यांना हे ओढीचे प्रकरण नवे नाही. शनिवार-रविवारी इथली पोरे पाठीला पिशव्या लावून लोहगड, विसापूर, तिकोना गाठतात. पुढे कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्राचे सर्वात उंच शिखर. एव्हरेस्ट त्याच्या पाचपटीहून उंच. सह्याद्रीच्या कड्यांवर हात बसवून हिमालयात जायचे, ही पुण्याची जुनी रीत आहे. मे १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, ते पहिले महाराष्ट्रीय. २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ जण त्याच माथ्यावर गेले, आणि २०१९ साली याच संस्थेचे दहा जण कांचनजंगावर.

या इतिहासात आपली दोन नावे शेजारी ठेवून वाचावीत असे आम्हाला वाटते.

पहिले रफिक शेख, तेव्हाच्या औरंगाबादचे पोलीस शिपाई. २०१४ साली ते एव्हरेस्टला गेले. त्या १८ एप्रिलला खुंबूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले आणि मोहीम थांबली. २०१५ साली पुन्हा गेले, तर २५ एप्रिलच्या भूकंपाने पायथ्याच्या तळावरच हिमलोट आणला. दोनदा रिकाम्या हाताने परतलेला हा माणूस मे २०१६ मध्ये माथ्यावर उभा राहिला.

दुसरे निहाल बागवान, पुण्याचा २७ वर्षांचा तरुण. २३ मे २०१९ रोजी तो शिखरावरून उतरत होता. त्या हंगामात नेपाळने ३८१ परवाने दिले होते, आणि चांगल्या हवेचे दिवस मोजकेच मिळाले. माथ्याखालच्या अरुंद धारेवर रांग लागली. तिचे छायाचित्र जगभर गाजले. निहाल बारा तासांहून अधिक काळ त्या गर्दीत अडकला होता, असे मोहीम नेणाऱ्यांनी नंतर सांगितले. चौथ्या तळावर आणल्यावर त्याने प्राण सोडला. त्या हंगामात एव्हरेस्टवर ११ जण गेले. निहालची हिंमत कमी नव्हती, तो शिखर गाठून आला होता. त्याचा घात रांगेने केला. हवा, ताकद आणि नळकांड्यातला ऑक्सिजन, तिन्हींचा हिशेब रांगेत उभे राहून चुकतो.

आणखी एक नाव विसरू नये. १९५४ साली इटालियनांनी के-टू (८,६११ मीटर) प्रथम सर केले. वरच्या दोघांसाठी ऑक्सिजनची नळकांडी वाहून नेणारे हुंझाचे आमिर मेहदी आणि इटलीचे वॉल्टर बोनाती यांना सुमारे ८,१०० मीटरवर तंबूशिवाय रात्र काढावी लागली. मेहदींच्या पायाची बोटे गेली. विजयाच्या छायाचित्रात ते नाहीत. ओझे वाहणाऱ्यासाठी डोंगर हा छंद नसतो, ती रोजी असते. २०१४ चे ते १६ जणही रोजीवरच होते.

उर्दू माध्यमाच्या आमच्या वर्गातली मुले विचारतात, "सर, आम्ही जाऊ शकतो का?" एके काळी आपल्या घरांतून डोंगर चढला जाई तो हाजी मलंगच्या मन्नतीसाठी. आता पोरांना शिखर शिखरासाठी हवे आहे, आणि त्यात वावगे काही नाही. आम्ही त्यांना 'जाऊ नका' म्हणत नाही. रफिक शेख यांचे नाव ऐकून ज्याची मान ताठ होते, त्याला आम्ही कोणत्या तोंडाने अडवावे? पण निहालचे नावही त्याच तासाला सांगतो. आधी सह्याद्रीत चार पावसाळे काढा, रीतसर प्रशिक्षण घ्या, आणि परत फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवा, कारण वर गेल्यावर ती ठरवणारी बुद्धी शाबूत असेलच असे नाही. शिखर हा निम्मा रस्ता आहे. उरलेला निम्मा घरी येतो, तिथे कोणीतरी दार उघडे ठेवून बसलेले असते.