कृपा, हक्क आणि बडोद्याची साक्ष

बडोद्याच्या रावपुऱ्यातला घड्याळाचा मनोरा १८९६ सालचा. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या दिवंगत प्रथम पत्नी महाराणी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ तो बांधला गेला. लोकांच्या तोंडी मात्र तो रावपुरा टॉवरच राहिला. तेथून स्टेशनकडे निघाले की विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग लागते. जुनी मंडळी तिला कमाठीबाग म्हणतात. भारतीय संविधानाच्या इतिहासाचे एक पान या टापूत लिहिले गेले आहे, आणि ते दिल्लीच्या सभागृहातील चर्चांपेक्षा तीस वर्षांनी जुने आहे.

संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले. २०१५ पासून हा दिवस संविधान दिन म्हणून देशभर पाळला जातो. शाळांतून उद्देशिकेचे वाचन होते. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मुले खड्या आवाजात उच्चारतात. पण या शब्दांची गरज का भासली, हे मुलांना समजावून सांगायचे तर बडोद्याइतका बोलका दाखला दुसरा नाही. जुलमी राज्यात प्रजेला हक्क हवेत हे कोणालाही पटते. बडोदे तर चांगले राज्य होते!

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून या गादीवर आला आणि त्याने राज्याचा कायापालट केला. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यभर लागू झाला. बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला. अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाल्या, गावोगाव ग्रंथालये झाली. संस्थानी हिंदुस्थानात एवढी दूरदृष्टी दाखविणारे राजे बोटांवर मोजण्याइतकेच!

याच राजाने १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी, अशी अट होती. त्या करारानुसार १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास रुजू झाले. परदेशी विद्यापीठाची पदवी हाती, महाराजांचा वरदहस्त डोक्यावर. पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी उतारशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला संतप्त जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांनीही अडचणी पुढे करून आपल्या घरी नेण्याचे टाळले. कमाठीबागेत पाच तास बसून आंबेडकरांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. बागेतील त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

या प्रसंगाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. राजा अनुकूल होता, दरबारची चाकरी होती, तिजोरीतून पैसा मिळत होता. तरीही एका माणसाला राजधानीत छप्पर मिळू शकले नाही. कारण जे मिळाले होते ती कृपा होती, आणि कृपा राजवाड्यातून निघून उतारशाळेच्या दारापर्यंत पोहोचेलच असे नसते. दारावर अडविणाऱ्याला जाब विचारावा, असा हक्क त्या माणसाच्या हाती नव्हता.

पुढील तीस वर्षांत काळाने जे चक्र फिरविले ते विलक्षण आहे. १९१७ साली बडोद्याचे दिवाण होते मनुभाई मेहता. त्यांची कन्या हंसाबेन मेहता मुंबई प्रांतातून संविधान सभेवर निवडून आल्या आणि मूलभूत हक्कांच्या उपसमितीत आंबेडकरांबरोबर बसल्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्दप्रयोग बदलून ‘सर्व मानव’ असा व्हावा, याचा आग्रह त्यांनीच धरला. बडोदे संस्थानाचे प्रतिनिधी एप्रिल १९४७ मध्ये संविधान सभेत दाखल झाले. संस्थानांकडून प्रथम आलेल्यांत ते होते. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली. तिच्यात बडोद्याचे दिवाण राहिलेले सर ब्रजेंद्रलाल मित्तर होते. पुढे त्यांच्या जागी एन. माधवराव आले. समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर!

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधी आदल्याच दिवशी सयाजीरावांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले होते आणि हंसाबेन त्याच्या कुलगुरू झाल्या. राज्य गेले, पण त्याने पेरलेले शिक्षण टिकले. सक्तीच्या शिक्षणाची कल्पना संविधानाच्या ४५व्या कलमात निर्देशक तत्त्व म्हणून आली आणि २००२ च्या घटनादुरुस्तीने ती मूलभूत हक्क बनली. एका राजाने दिलेली देणगी सर्व देशाचा हक्क व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना यात आणखी एक धडा आहे. बडोद्यात मराठी राजघराण्याची भाषा होती, तिला दरबारी आश्रय होता. विलीनीकरणानंतर ती एका अल्पसंख्य समाजाची भाषा उरली. आता तिला आधार आहे तो २९व्या आणि ३०व्या कलमांचा, तसेच १९५६ साली आलेल्या ३५०अ या कलमाचा. आपली भाषा जपण्याचा, आपल्या शाळा काढण्याचा हक्क आणि मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून राज्यांवर सोपविलेली जबाबदारी या कलमांत आहे. कोणी मायबाप सरकार प्रसन्न होईल म्हणून आपण हात जोडायचे नाहीत. हे कलम दाखवून मागायचे आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. कृपेचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही अनुभवलेल्या माणसाचा तो इशारा होता.

अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केले. आज ते १७वे कलम आहे. पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले. १९१७ ची ती उतारशाळा आज कायद्याने कोणाला जातीवरून बाहेर काढू शकत नाही. उरतात ती त्या दोन मित्रांची घरे. ती उघडण्याची ताकद कोणत्याही कलमात नाही. संविधान सभेच्या उद्दिष्टांच्या मूळ ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला. तो का घातला असेल, हे कमाठीबागेतल्या त्या पाच तासांकडे पाहिले की कळते. संविधान दिनी मुले उद्देशिका म्हणतात तेव्हा हा शेवटचा शब्द त्यांच्याकडून जरा सावकाश म्हणवून घ्यावा.