तळटीप : तळव्यांवरचे चट्टे
* लेखकाने हे चट्टे महारोगाचे धरले आहेत. यवतमाळ जिल्ह्याला कुष्ठरोग परिचयाचा, तेव्हा तसे वाटणे स्वाभाविकच. पण तळहात-तळपायांवरचे, तांबूस, खाज नसलेले आणि सुई टोचल्यास कळणारे चट्टे हे वर्णन गरमीच्या, म्हणजे उपदंशाच्या, दुसऱ्या अवस्थेशी अधिक जुळते. पहिला व्रण दुखत नाही, आपोआप भरतो. रोगी तो सांगणार कशाला? रक्तचाचणीही फसवते. १९०६ची वासरमन काय किंवा आजची व्हीडीआरएल काय, कुष्ठरोगात खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. उलट उपदंश ऐन भरात असताना प्रतिपिंडांच्या अतिरेकाने व्हीडीआरएल कधीकधी ‘निगेटिव्ह’ दिसते. रक्तद्रव पातळ करून पुन्हा तपासावा लागतो. खात्री टीपीएचए चाचणीने करतात. पुढे येणारे पाऱ्याचे मलम पेनिसिलीनपूर्व काळातले. उपदंशावर पेनिसिलीन प्रथम १९४३मध्ये वापरले गेले. — संपा.