हंगाम कोणाचा? एल्कची शिकार आणि 1868 चे दोन करार

आजचा विषय शिकारीचा आहे, पण शिकारकथा सांगायच्या नाहीत. बोलायचं आहे ते शिकारीच्या हंगामाविषयी.

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या भागात, म्हणजे वायोमिंग, मोंटाना, आयडाहो या राज्यांत, सप्टेंबर ते नोव्हेंबर हा शिकारीचा मुख्य काळ. हरीण, एल्क, काळं अस्वल यांची शिकार तेव्हा कायद्याने करता येते. परवाना काढायचा, ठरलेल्या भागात ठरलेल्या तारखांना जायचं आणि ठरलेल्या संख्येवर थांबायचं. कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तसाच हा प्रकार. फक्त इथे बंदीचा काळ मोठा आणि मुभा थोड्या आठवड्यांची.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा भाऊबंद, पण अंगाने मोठा. पूर्ण वाढलेला नर 300 किलोंच्या पुढे जातो. उन्हाळ्यात हे कळप उंच डोंगरांवर चरतात आणि बर्फ पडू लागलं की खाली दऱ्यांत उतरतात. शरदात जनावर चरून धष्टपुष्ट झालेलं असतं, वसंतात जन्मलेली पिल्लं सुटी झालेली असतात आणि थंडीमुळे मांस लवकर खराब होत नाही. हे सगळं तिथल्या मूळ रहिवाशांना कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. हिवाळ्याचं मांस आणि कातडी याच दिवसांत जमवायची, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

मग कायद्याची गरज का पडली? कारण एकोणिसाव्या शतकात शिकारीचा बाजार झाला. रेल्वे आली, एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आल्या, आणि मांस-कातडी गाड्या भरभरून शहरांकडे जाऊ लागली. एल्कच्या तोंडात हस्तिदंतासारखे दोनच सुळे असतात. एल्कच्याच नावाची एक बंधुसंस्था 1868 मध्ये न्यूयॉर्कला निघाली होती. तिच्या सभासदांत घड्याळाच्या साखळीला हे सुळे लावायची फॅशन आली आणि दोन दातांसाठी अख्खं जनावर मारून टाकलं जाऊ लागलं. युरोपीय लोक येण्यापूर्वी या खंडावर एक कोटीच्या आसपास एल्क असावेत, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक लाखही उरले नव्हते, असं मानतात.

तेव्हा हंगाम ठरवणं, संख्येवर मर्यादा घालणं गरजेचंच होतं, याबद्दल वाद नाही. 1900 साली लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या शिकारीचा राज्याराज्यांतला व्यापार रोखला. 1912 मध्ये वायोमिंगच्या जॅक्सन इथे एल्कसाठी खास अभयारण्य झालं. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. आज तिथे दहा लाखांच्या आसपास एल्क आहेत. हे यश खरं आहे.

पण आता याची दुसरी बाजू बघा.

1868 साली अमेरिकी सरकारने दोन करार केले. एक फोर्ट ब्रिजरला शोशोनी आणि बॅनॉक लोकांशी, दुसरा फोर्ट लॅरमीला क्रो लोकांशी. क्रो लोकांनी तीन कोटी एकरांहून जास्त जमीन सोडली आणि सुमारे 80 लाख एकर स्वतःकडे ठेवली. बदल्यात दोन्ही करारांत एक कलम आलं. त्याचा आशय असा, की सरकारची जी जमीन कोणी वसवलेली नाही, तिथे शिकार आहे आणि सरहद्दीवर शांतता आहे तोवर या लोकांचा शिकारीचा हक्क राहील. आपल्या भाषेत सांगायचं तर, मालकी गेली पण वहिवाट राहिली.

1890 मध्ये वायोमिंग राज्य झालं आणि पाच वर्षांत त्याने शिकारीचे नियम कडक केले. जॅक्सन होलच्या खोऱ्यातले बरेच गोरे रहिवासी तेव्हा बाहेरून येणाऱ्या धनिक शिकाऱ्यांचे वाटाडे म्हणून पैसे मिळवत. एल्क हे त्यांचं भांडवल. 1895 च्या जुलैत त्यांच्या सशस्त्र टोळीने बॅनॉक कुटुंबांचा एक तांडा पकडला. वाटेत ते लोक पळू लागले तेव्हा गोळीबार झाला आणि एक म्हातारा मारला गेला.

त्याच वर्षी रेस हॉर्स नावाच्या बॅनॉक माणसावर सात एल्क मारल्याचा खटला झाला. खालच्या संघराज्य न्यायालयाने करार मानला आणि त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने मे 1896 मध्ये, सात विरुद्ध एक मतांनी, तो निकाल फिरवला. तर्क असा: वायोमिंग बाकीच्या राज्यांच्या बरोबरीने संघात आलं, त्यामुळे तिथल्या शिकारीवर आता राज्याची सत्ता, करारातला हक्क राज्य होताच संपला. करार न मोडता, कोणाला न विचारता, वहिवाट पुसली गेली.

म्हणजे काय झालं? कळप बाजाराने संपवले आणि हंगामाच्या कायद्याने गुन्हेगार ठरला तो हिवाळ्याचं मांस जमवणारा माणूस. क्रो स्त्रियांच्या पोशाखावर शेकडो एल्कदंत शिवलेले असत. एका जनावराचे दोनच, त्यामुळे तो पोशाख म्हणजे घरातल्या शिकाऱ्यांच्या कित्येक वर्षांचा हिशेब. तीच शिकार आता चोरी ठरली.

या निकालाचा जोर शंभर वर्षं टिकला. 1999 मध्ये मिनेसोटाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की राज्य झालं एवढ्यावरून करारातले हक्क आपोआप संपत नाहीत. मग जानेवारी 2014 मध्ये क्लेव्हिन हरेरा हा क्रो शिकारी एल्कच्या मागावर मोंटानातून वायोमिंगच्या बिगहॉर्न राष्ट्रीय वनात गेला. हंगाम संपलेला होता. राज्याने त्याला दंड केला आणि तीन वर्षं शिकारीला मनाई केली. प्रकरण वर गेलं. 20 मे 2019 रोजी, पाच विरुद्ध चार मतांनी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: वायोमिंग राज्य झाल्याने क्रो लोकांचा हक्क संपलेला नाही, आणि केवळ राष्ट्रीय वन जाहीर झालं म्हणून ती जमीन ‘वसवलेली’ ठरत नाही. रेस हॉर्सचा निकाल त्या दिवशी उघडपणे रद्द झाला. करार होऊन 151 वर्षं झाली होती.

तरी राज्याला एक दार उघडं राहिलं. प्राण्यांच्या रक्षणासाठी आवश्यकच असेल, तर नियम घालता येतील. पण ती गरज राज्याने सिद्ध करायची.

मूळ रहिवाशांना हक्क दिले की जनावरं संपतील, असं कोणी म्हणालं तर 2018 ची गोष्ट सांगा. वायोमिंगने त्या शरदात 22 पर्यंत ग्रिझली अस्वलं मारू द्यायचं ठरवलं होतं. त्या अस्वलांचं संघराज्याचं संरक्षण काढून घेतलं होतं, म्हणून हे शक्य झालं. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत क्रो जमातही होती. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी संरक्षण पुन्हा लागू केलं आणि ती शिकार झाली नाही.

म्हणून हंगामाच्या तारखा वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. जनावर टिकलं पाहिजे का? टिकलंच पाहिजे. पण त्यासाठी कोणी थांबायचं, हे कोण ठरवतं आणि कोणाला विचारून? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वायोमिंगला विसाव्या शतकात सापडलं. दुसऱ्याचं अजून न्यायालयांत शोधलं जातंय.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.