ताम्हिणी : पाठ फिरवलेल्या पाण्याचा इतिहास

पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईच्या पर्यटकांची पावले ताम्हिणीकडे वळतात. मुळशी तालुक्यातून माणगावकडे उतरणाऱ्या या घाटात धबधबे आहेत, धुके आहे, शेकरूचा वावर असलेले अरण्य आहे. २०१३ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाऊस तर असा, की २५ जुलै २०२४च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत येथे ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ताम्हिणीची विंझाई ही अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे पर्यटक येऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून येथे भाविकांचा राबता आहे.

परंतु या प्रदेशाचे खरे वैशिष्ट्य डोळ्यांना सहसा दिसत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे वाहणारे पाणी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. हा निसर्गक्रम विसाव्या शतकात माणसाने उलटा केला. टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधले, अडवलेले पाणी बोगद्यावाटे पश्चिमेला वळवले आणि सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातल्या भिरा येथे १९२७ पासून वीजनिर्मिती सुरू झाली. ही वीज मुंबईसाठी होती. पाण्याखाली गेली ती मात्र मावळातली ५०च्या आसपास गावे आणि त्यांची भातखाचरे.

त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर ठाण मांडून काम थांबवले. हाच मुळशीचा सत्याग्रह. विनायकराव भुस्कुटे या लढ्याचे एक प्रमुख संघटक. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. डिसेंबर १९२४ मध्ये धरणाच्या मजुरांची गाडी अडवून बापटांनी शस्त्र चालवले. अहिंसक सत्याग्रहाची मर्यादा तेथे ओलांडली गेली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा संपला, धरण पूर्ण झाले.

या पराभवाचे खापर केवळ सरकार आणि कंपनी यांच्यावर फोडणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यातून एक अवघड गोष्ट पुढे येते. येथील पुष्कळ जमीन पुण्यातील सावकारांच्या नावे होती. त्यांना चांगला मोबदला मिळाला की पुरे होते. कसणाऱ्या मावळ्याला मात्र जमीनच हवी होती. एकाच लढ्यात दोन हितसंबंध होते आणि कागद ज्याच्या हाती, त्याचा शब्द जड ठरला. विस्थापनाच्या प्रश्नात मोबदला कोणाला आणि उपजीविका कोणाची, हा भेद त्यानंतरही वारंवार समोर आला आहे.

आज कोलाडला कुंडलिकेच्या पात्रात तराफ्यांवरून जो जलक्रीडेचा खेळ रंगतो, तो भिऱ्याहून वीज निर्माण करून सुटलेल्या पाण्यावर. तेच पाणी पुढे रोह्यावरून रेवदंड्याला सागरास मिळते. त्या लाटांवर उसळताना हे पाणी मुळात मावळाच्या खाचरांवर पडलेले आहे, एवढे ठाऊक असावे. ताम्हिणीला जरूर जावे. मात्र परतीच्या वाटेवर मुळशीच्या जलाशयाकाठी थोडा वेळ थांबावे.