उपटलेला स्टंप आणि कलम 87

दिवाळीनंतर धान निघू लागलं की आमच्या आरमोरी भागात मंडईच्या जोडीने कबड्डीचे आणि टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. त्यांच्या पत्रकावर बक्षिसांच्या रकमेखाली एक ओळ हमखास छापलेली असते : पंचांचा निर्णय अंतिम राहील. बाद की नाबाद, एवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण कुणी कुणाचं डोकं फोडलं तर?

याचं उत्तर 1860 च्या भारतीय दंड संहितेतच होतं. तिच्या 87 व्या कलमाखाली एक छोटं उदाहरण दिलं आहे. दोघे जण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायला तयार होतात. खेळायला होकार दिला म्हणजे खेळता खेळता होणारी इजा सोसायलाही होकार दिला, असं कायदा धरून चालतो. अट एकच, खेळ सरळ असावा. दगाबाजी करून मारलं तर तो होकार कामाला येत नाही, आणि ठार मारण्याचा किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू असेल तर मुळीच नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच 25 वं कलम आहे.

आता जानेवारी 1991 मधलं जमशेदपूर पाहा. दुलीप करंडकाचा अंतिम सामना, उत्तर विभाग विरुद्ध पश्चिम विभाग. (आपला विदर्भ मध्य विभागात, म्हणून आपण तटस्थ!) उत्तरेने 9 बाद 729 वर डाव घोषित केला, पश्चिमेने 561 केल्या. पाचव्या दिवशी निकालात काही उरलं नव्हतं, उरला होता फक्त राग. बडोद्याचा डावखुरा वेगवान गोलंदाज रशीद पटेल क्रीज ओलांडून पुढे आला आणि त्याने रमण लांबाच्या अंगावर चेंडू टाकला. शब्दाला शब्द लागला. मग रशीदने स्टंप उपटला आणि तो लांबाच्या मागे धावला. लांबा बॅट आडवी धरून स्वतःला वाचवत होता. प्रेक्षकांतून दगड आले आणि सामना तिथेच थांबला. पुढे क्रिकेट मंडळाने रशीदवर 13 महिन्यांची आणि लांबावर 10 महिन्यांची बंदी घातली.

माझ्या मते रेषा नेमकी स्टंप उपटला तिथे आहे. अंगावर टाकलेला चेंडू कितीही वाईट असला तरी तो चेंडूच. तो नो-बॉल ठरवायला पंच आहे, बंदी घालायला मंडळ आहे. जमिनीतून उपसून माणसावर उगारलेला स्टंप क्रिकेटच्या कुठल्याच नियमात बसत नाही. घातक हत्याराने दुखापत करण्याचं जुनं कलम 324 त्याच्या फार जवळ येतं, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती.

अमेरिकेत बेसबॉलमध्येही असंच घडलं होतं. ऑगस्ट 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हुआन मारिशालने प्रतिस्पर्धी यष्टीरक्षकाच्या, म्हणजे कॅचर जॉन रोझबरोच्या डोक्यात बॅट घातली. 14 टाके पडले. शिक्षा काय, तर 1750 डॉलर दंड आणि आठ सामन्यांची बंदी. हेच स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावर झालं असतं तर?

जमशेदपूरचं आणखी एक मला डाचतं. मारायला धावणारा रशीद, पळणारा रमण, आणि रथयात्रेला जेमतेम तीन महिने झालेले. नाव आपल्यातलं आहे म्हणून मी रशीदची बाजू घेणार नाही; त्याने केलं ते चूकच होतं. पण ती चूक एका रागावलेल्या गोलंदाजाची होती, जमातीची नव्हती. हीच दोन नावं आज एखाद्या गावच्या मैदानावर, सगळ्यांच्या हातात मोबाइल असताना समोरासमोर आली तर? मोठ्या मैदानावरच्या मारामारीसाठी चौकशी समिती असते. गावात मारामारी झाली की थेट पोलीस ठाणं, आणि फिर्यादीत कुणाचं नाव आधी चढेल याची धास्ती घरच्यांना. म्हणून कायदा मैदानात यावा असं मी म्हणतो तेव्हा तो दोन्ही मैदानांवर सारखाच यावा, आणि त्याने हातातली वस्तू पाहावी, नाव नव्हे.

लांबाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात क्लबचा सामना होता. षटकाचे तीनच चेंडू उरले म्हणून तो हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा राहिला. फलंदाजाने मारलेला चेंडू कपाळावर आदळून उडाला आणि यष्टीरक्षकाने झेलला. फलंदाज बाद झाला. तीन दिवसांनी लांबा गेला. तेव्हा तो 38 वर्षांचा होता. सरळ खेळताना झालेला हा अपघात. आपल्याकडे असतं तर जुन्या कलम 80 खाली गुन्हा नव्हे.

आमच्या मंडळांसाठी एक बारीक गोष्ट. कलम 87 मधला होकार 18 वर्षांवरच्यांचा आहे. आमच्याकडच्या संघांत निम्मी पोरं पंधरा-सोळाची असतात. पत्रकात त्या एका ओळीखाली अजून दोन ओळी बसतील एवढी जागा असते : खेळाबाहेर हात उचलणारा संघ बाद, आणि जखमी पोराच्या घरी निरोप देण्याची जबाबदारी कुणाची ते नावासकट.