पंख्याची घरघर आणि हरवलेली केबिन

आजचा विषय ऐकून एकाने आम्हाला वाटेतच गाठलं आणि विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात प्रोजेक्टरचा पंखा कुठून आला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्याच एका चुकीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जणांनी यवतमाळात एक जुना, वापरलेला होम थिएटर प्रोजेक्टर घेतला. मुलांना रविवारी चांगले सिनेमे दाखवायचे, एवढाच हेतू. चित्र झकास होतं, पण पंखा असा घरघरायचा की हळू आवाजातले संवाद मागच्या मुलांना कळायचेच नाहीत. डिसेंबरात आम्ही पंख्याच्या तारेत एक रेझिस्टर जोडला. पंखा मंदावला, खोली शांत झाली, आम्ही खूश! एप्रिलमध्ये ऐन सिनेमात तापमानाचा लाल दिवा लागला आणि प्रोजेक्टर बंद पडला. आम्ही तो थंड करून पुन्हा लावला. असं दोन-तीनदा झालं आणि मग एके दिवशी दिवा फुटला. नव्या दिव्याची किंमत ऐकून आमचा रविवारचा सिनेमा तीन महिने बंद राहिला. शांतता आम्हाला महागात पडली.

तेव्हा आम्हाला प्रश्न पडला. थिएटरातला प्रोजेक्टर तर याच्या कितीतरी पट मोठा आणि तापट. मग त्याचा आवाज आपल्याला कधी कसा ऐकू आला नाही?

आता थोडं मागे जाऊ. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रं दाखवली गेली. त्या काळातली यंत्रं हाताने फिरवायची आणि बरेचदा प्रेक्षकांच्या मधेच ठेवलेली असायची. पट्टी एकेक चौकट थांबत पुढे सरकते, म्हणून टकटक व्हायचीच. मूकपटाबरोबर पेटी-तबला वाजवायचे, त्यामागे ही टकटक झाकण्याचाही हेतू होता असं सांगितलं जातं.

पण यंत्र लोकांमधून उठून भिंतीमागे गेलं ते आवाजामुळे नव्हे, आगीमुळे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ बारूदच. मे १८९७ मध्ये पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि सव्वाशेच्या वर माणसं गेली. पुढे इंग्लंडात १९०९ चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि प्रोजेक्टर प्रेक्षकांपासून वेगळ्या, आग न पकडणाऱ्या खोलीत ठेवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे १९१८ च्या कायद्याने सिनेमागृहांना परवाना आणि सुरक्षेची अट लागू झाली. अशी केबिन आली. जाड भिंत आणि काचेची छोटी खिडकी. आग आत राहावी म्हणून बांधलेल्या भिंतीने आवाजही आत ठेवला.

ही फुकटची शांतता बोलपटाच्या फार कामी आली. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा'. 'आलम आरा'चं बरंचसं चित्रीकरण रात्री करावं लागलं, कारण स्टुडिओजवळून रेल्वेगाड्या जायच्या. कॅमेराही खडखडायचा, त्यालाही पुढे जाड पेटीत कोंडलं गेलं. बघा, दोन्ही टोकांना एकच युक्ती. यंत्र गप्प होत नाही, त्याला घर द्यावं लागतं.

केबिनमध्ये आवाज होता आणि उष्णताही होती. कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करायचे. त्याचा धूर बाहेर काढायला छतातून नळकांडं काढलेलं असायचं. पुढे झेनॉनचे दिवे आले, त्यांना हवा मारायला ब्लोअर लागला. ऑपरेटर बिचारा त्या गरमीत आणि गोंगाटात रीळ बदलत बसायचा. १००० फुटांचं रीळ म्हणजे जेमतेम ११ मिनिटं. आपली शांतता त्याच्या कानांवर उभी होती, हे विसरू नये.

तंबूतल्या सिनेमालाही केबिन होती बरं का. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजचा प्रोजेक्टर बरेचदा ट्रकच्या मागच्या भागात बसवलेला असायचा. ट्रक हीच केबिन. २०१६ चा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट ज्यांनी पाहिला, त्यांना ते यंत्र आणि त्याची निगा आठवत असेल. उघड्यावर असायचा तो गावात येणाऱ्या प्रचारगाडीचा १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर. तो लोकांत बसायचा आणि त्याचा आवाज ऐकूच यायचा. पण अंगणात, मोकळ्या आभाळाखाली, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

मग १९८९ च्या सुमारास एलसीडी प्रोजेक्टर बाजारात आले, १९९६ पासून डीएलपी. त्याच सुमारास एक नवा छोटा दिवा आला. त्यात पारा असतो आणि जळताना आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट होतो. दिवा बोटाच्या पेराएवढा, पण थंड हवा चुकली तर काही खरं नाही. एवढी भट्टी एका छोट्या डब्यात घालून आपण ती डोक्यावर टांगली. थिएटर घरी आलं, केबिन मात्र तिथेच राहिली. पंख्याची घरघर ही त्या हरवलेल्या केबिनची आठवण आहे.

हे कळल्यावर आमची दुरुस्तीची रीतच बदलली. आधी साफसफाई. आपला जिल्हा कापसाचा. जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू तरंगतात आणि जाळीवर गादी धरतात. जाळी बंद झाली की आत तापतं आणि तापलं की यंत्र स्वतःच पंखा वाढवतं. आमच्याकडे अर्धी घरघर जाळी झटकल्यावरच गेली. दुसरं, मेनूमध्ये उंच प्रदेशासाठी एक सोय असते. ती साधारण १५०० मीटरच्या वर लागते. यवतमाळ सुमारे साडेचारशे मीटरवर, आणि आमच्या यंत्रात ती चालू होती! आधीचा मालक कुठला होता कोण जाणे.

तिसरं तेल. बेअरिंग कोरडं पडलं असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल तेल नको, थंडीत बाटलीत गोठतं तसं ते तिथेही गोठेल. तेलानेही भागलं नाही तर पंखा बदलायचा, पण त्याच मापाचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढीच हवा फेकणारा. कित्येक पंख्यांची तिसरी तार यंत्राला वेग कळवते. तो कळला नाही तर यंत्र सुरूच होत नाही. ते दुखणं नाही, राखण आहे.

पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने उतरवला तर आवाज सुमारे ५ डेसिबलने घटतो, पण हवाही पाचव्या हिश्शाने घटते. डिसेंबरात ते चालून जातं. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना नाही, कारण घरगुती प्रोजेक्टर बहुधा ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. गंमत म्हणजे मेमध्ये कुलर एवढा ओरडतो की प्रोजेक्टर ऐकूच येत नाही. म्हणून आता आम्ही तारेला हात लावत नाही. थंडीत दिवा इको मोडवर टाकतो, पंखा आपोआप मंदावतो. लाइट गेली की पंखा थांबतो आणि दिवा तापलेलाच राहतो, म्हणून छोटा यूपीएस घेतला.

शेवटी केबिन. मागच्या भिंतीवर फळी ठोकली, खाली रबराचे तुकडे दिले आणि भोवती प्लायवूडचा खोका केला. समोर काच. थंड हवा खालून आत घेतली आणि गरम हवा नळीने खिडकीबाहेर सोडली. दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्या, नाहीतर यंत्र आपलाच गरम श्वास पुन्हा घेतं. खोक्यात थर्मामीटर लावून तीन रविवार तपासलं, मगच मुलांना बोलावलं.

खोका दाखवायला एका जुन्या ऑपरेटरांना घेऊन गेलो होतो. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "चालू हाय ना पंखा? मंग ठीक हाय भाऊ." आयुष्यभर केबिनच्या आतून सिनेमा पाहिलेला माणूस. आम्हाला पंखा ऐकू येऊ नये असं वाटत होतं, आणि त्यांना तो चालू असल्याची खात्री हवी होती.